हृदयाची झडप दुसऱ्यांदा बदलताना

‘वहिनींचे हृदयाचे ऑपरेशन तर मागेच झाले होते ना? मग पुन्हा कशाला?’

गेल्या तीन महिन्यांत हा प्रश्न आम्हांला वाक्वाच्या बाजारात, शाळेच्या शिक्षक-खोलीत, लग्नाच्या मांडवात, एवढेच काय पण एका अंत्ययात्रेतही विचारण्यात आला. विचारणाऱ्यांच्या मनात काळजीच होती, यात शंका नाही. परंतु रस्त्यात उभे राहून प्रत्येकाला किती सांगणार? शिवाय असे आढळून आले की, आपल्या समाजात हृदयाच्या झडपेविषयी माहिती फार थोडी आणि भीती मात्र पुष्कळ. तेव्हा या पानाद्वारे एकदाच सविस्तर उत्तर द्यावे, असे आम्ही उभयतांनी ठरविले. हा मजकूर सौ.ने आधी वाचला आहे आणि दोन ठिकाणी आमची वाक्ये खोडलीही आहेत.

घशापासून हृदयापर्यंत

कथेचा आरंभ हृदयापासून नव्हे, घशापासून होतो. सौ. नऊ वर्षांची असताना तिचा घसा दुखून ताप आला. घरात सहा भावंडे, वडील उसाच्या मळ्यावर कामाला. घसा काय, थंडीच्या दिवसांत सर्वांचाच दुखतो. आजीने हळद-दूध दिले, कोणी तिझान उकळून दिले आणि ताप उतरला. पुढे दोन-तीन आठवड्यांनी गुडघे सुजले. ते बरे होतात न होतात तोच घोटे, मग मनगटे. वाढते वय आहे, हाडे दुखायचीच, असे सर्व म्हणाले. सांधे आपोआप बरे झाले आणि सारे जण ही गोष्ट विसरले.

हृदय मात्र विसरले नाही. या दुखण्याला संधिवाताचा ताप म्हणतात. काही विशिष्ट जंतूंमुळे घसा येतो, त्या जंतूंशी लढण्यासाठी शरीर सैन्य उभे करते आणि तेच सैन्य चुकून स्वतःच्या सांध्यांवर व हृदयाच्या झडपांवर चालून जाते. सांध्यांवर त्याची खूण राहत नाही. झडपेवर राहते आणि वर्षानुवर्षे ती झडप जाड, ताठ होत जाते. नऊ वर्षांच्या मुलीच्या घशाचे बिल असे वीस वर्षांनी आले.

हृदयाला चार झडपा असतात. रक्ताला पुढे जाऊ द्यायचे आणि मागे फिरू द्यायचे नाही, एवढेच त्यांचे काम. हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये जी दोन पाकळ्यांची झडप असते तिला मायट्रल म्हणतात. संधिवाताचा ताप बहुधा हिलाच धरतो. सौ.ची हीच झडप आकुंचित झाली होती. लग्नानंतर जिना चढताना तिला दम लागू लागला. एका दवाखान्यात रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या देण्यात आल्या आणि त्यात आमचे जवळजवळ एक वर्ष गेले. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप नीट लावून ऐकले आणि हृदयाची सोनोग्राफी करावयास पाठविले.

पहिली वेळ

२०११ साली आम्ही उभयता शस्त्रक्रियेसाठी बंगळूरला गेलो. पूर्वजांच्या देशाचे दर्शन आम्हांला घडले ते रुग्णालयाच्या खिडकीतून. कोकण तर दूरच राहिले, मराठीही कानी पडेल अशी आशा नव्हती. पण रात्रपाळीची एक परिचारिका बेळगावची निघाली. आम्हांला आपसांत बोलताना ऐकून ती थबकली आणि म्हणाली, ‘अगं बाई, तुम्ही मराठी? आणि राहता कुठे म्हणालात?’ पुढचे दहा दिवस ती आपली पाळी संपल्यावरही पाच मिनिटे सौ.पाशी येऊन बसत असे. आमची जुनी वळणाची मराठी ऐकून तिला हसू येई. तिचे ते हसणे आम्हांला औषधासारखे वाटले.

त्या वेळी डॉक्टरांनी आमच्यासमोर दोन पर्याय ठेवले. एक झडप यंत्राची. ती विशिष्ट कार्बनची बनविलेली, न झिजणारी. परंतु तिच्यावर रक्ताची गाठ धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन नावाची गोळी जन्मभर घ्यावी लागते. दुसरी झडप प्राण्याच्या ऊतकाची, म्हणजे डुकराच्या हृदयाची झडप किंवा गाईच्या हृदयावरील आवरणापासून केलेली. तिला ही गोळी जन्मभर लागत नाही, पण ती कालांतराने खराब होते. साधारणपणे दहा ते पंधरा वर्षे, आणि रोगी जितका तरुण तितकी लवकर.

सौ. त्या वेळी एकोणतीस वर्षांची होती आणि आम्हांला मूल नव्हते. वॉरफरिन गर्भाला अपाय करू शकते, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत. यंत्राची झडप असलेल्या स्त्रीने ती गोळी सोडली तर तिच्याच जिवाला धोका. डॉक्टरांनी सर्व स्पष्ट सांगितले. सौ.ने एक रात्र विचार केला आणि सकाळी म्हणाली, ‘मला ऊतकाची बसवा. पुन्हा करावे लागेल तेव्हा करू.’ २०१३ साली आम्हांला मुलगी झाली आणि २०१६ साली मुलगा.

घरी परतल्यावर आम्ही आईला सगळे सांगितले. ती कास्कावेलच्या मळ्यात राबलेली, पूजा-अर्चा काटेकोर. आता सुनेच्या छातीत डुकराची झडप आहे हे कळल्यावर काय म्हणेल, या विचाराने आम्ही चार दिवस चाचपडत होतो. तिने ऐकून घेतले, थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘मग त्या मुक्या जनावराच्या नावाने पण एक वात लाव.’ तेव्हापासून आमच्या देव्हाऱ्यात दर मंगळवारी एक वात जास्त असते.

माणसाच्या हातची झडप

आम्ही शिक्षक असल्यामुळे प्रश्न पडला की पुस्तके उघडायची, ही आमची सवय. झडपेचा इतिहास वाचून आम्ही थक्क झालो. हृदय थांबवून, ते उघडून दुरुस्त करता यावे म्हणून तेवढा वेळ रक्त फिरविणारे यंत्र अमेरिकेत डॉ. जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी एका तरुणीवर प्रथम यशस्वीपणे वापरले. त्यानंतर सातच वर्षांनी, १९६० साली, कृत्रिम झडपा माणसाच्या हृदयात बसू लागल्या. ऑरेगन राज्यातील डॉ. अल्बर्ट स्टार आणि इंजिनिअर लॉवेल एडवर्ड्स यांची झडप म्हणजे धातूच्या पिंजऱ्यात वरखाली होणारा एक चेंडू होता! बाटलीच्या बुचासारखी ही युक्ती, पण तिने असंख्य लोकांना वर्षे दिली.

प्राण्याची झडप टिकाऊ करण्याचे श्रेय पॅरिसच्या डॉ. आलँ कार्पांतिए यांना जाते. ऊतकावर रासायनिक प्रक्रिया केली तर शरीर ते झिडकारीत नाही आणि ते अनेक वर्षे काम देते, हे त्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले. भारतात परदेशी झडपांची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती, म्हणून त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वल्लियथन यांनी स्वतःची झडप तयार करण्याचा ध्यास घेतला. एकामागून एक नमुने फसले. चौथा नमुना यशस्वी झाला आणि डिसेंबर १९९० मध्ये तो प्रथम एका रोग्याला बसविण्यात आला. तीन वेळा फसल्यावर चौथ्यांदा सुरुवात करणाऱ्या या माणसाची गोष्ट आम्ही वर्गात मुलांना मुद्दाम सांगतो.

एक्कावन्न कोटी वेळा

मग सौ.ची झडप का बिघडली? कोणाची चूक झाली का? नाही. आम्ही वर्गात फळ्यावर एक गणित घातले. हृदय दिवसातून सुमारे १,००,००० वेळा ठोके देते. वर्षाचे झाले ३ कोटी ६५ लाख. चौदा वर्षांचे ५१ कोटी १० लाख. इतक्या वेळा उघडझाप केल्यावर आपल्या घराचे दार तरी बिजागरीवर राहील का? त्यातून तरुण शरीरात कॅल्शियम त्या ऊतकावर लवकर साचते. पाकळ्या ताठ होतात, एखादी फाटते, आणि मग झडप धड उघडतही नाही, धड मिटतही नाही.

२०२५ च्या हिवाळ्यात सौ.ला पुन्हा दम लागू लागला. वाक्वाच्या थंडीला आणि झिमझिम पावसाला दोष देऊन आम्ही दोन महिने काढले. एक उशी होती तिथे दोन आल्या, मग तीन. संध्याकाळी घोटे सुजून चपलेचे पट्टे रुतू लागले. वास्तविक आम्हांला सारे ठाऊक होते. पण जे ठाऊक असते ते मान्य करायला वेळ लागतो. एके रात्री तिसऱ्या उशीला टेकून बसलेली सौ. म्हणाली, ‘अहो, आता हिशेब करायची वेळ आली.’

पहिल्यापेक्षा दुसरी वेगळी कशी?

पुष्कळांना वाटते, एकदा झाले आहे तर दुसऱ्यांदा सोपे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. आमच्या शल्यविशारदांनी कागदावर चित्र काढून समजाविले. पहिल्या खेपेला छातीच्या मधल्या हाडामागे हृदय मोकळे असते. शस्त्रक्रियेनंतर भरून येताना हृदय, रक्तवाहिन्या आणि ते हाड एकमेकांना चिकटतात. दुसऱ्यांदा हाड उघडताना करवत हृदयाला लागण्याचा धोका असतो. म्हणून आधी सीटी स्कॅन करून हाड आणि हृदय यांमध्ये किती अंतर आहे ते मोजतात. गरज पडल्यास जांघेतील रक्तवाहिन्यांतून यंत्र जोडण्याची तयारी आधीच करून ठेवतात. चिकटलेला प्रत्येक भाग सावकाश सोडवावा लागतो. वेळ अधिक, रक्तही अधिक लागते. धोका पहिल्यापेक्षा जास्त, पण अनुभवी हातांत ही आता नित्याची शस्त्रक्रिया आहे. धोक्याचा आकडा त्यांनी आम्हांला सांगितला. तो सौ.च्या वयाचा, तिच्या फुप्फुसांचा, तिच्या मूत्रपिंडांचा आकडा आहे; दुसऱ्याला तो लागू नाही, म्हणून येथे देत नाही. प्रत्येकाने आपला आकडा आपल्या डॉक्टरांना विचारावा, आणि अवश्य विचारावा.

‘छाती न उघडता पायाच्या शिरेतून झडप बसवितात म्हणे!’ असेही आम्हांला अनेकांनी सुचविले. हे खरे आहे. फ्रान्समधील रूआँ शहरात डॉ. आलँ क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ रोजी तारेच्या साहाय्याने प्रथम अशी एक महाधमनीची झडप बसविली. आता बिघडलेल्या जुन्या ऊतकाच्या झडपेच्या आतही नवी झडप बसविता येते; वृद्धांना आणि ज्यांना मोठी शस्त्रक्रिया झेपणार नाही त्यांना हे वरदानच आहे. परंतु सौ.ची जुनी झडप २५ मिलिमीटरची, म्हणजे लहान. तिच्या आत आणखी एक बसविली तर वाट अधिकच अरुंद होणार. शिवाय उजव्या बाजूची झडपही आता गळते आहे आणि ती त्याच वेळी दुरुस्त करावयाची आहे. तेव्हा छाती उघडणे प्राप्त आहे.

येथे एक अनुभवाचा सल्ला. २०११ सालची शस्त्रक्रियेची सर्व कागदपत्रे आणि झडपेचे कार्ड आईने बिस्किटांच्या टीनच्या डब्यात घालून कपाटावर ठेवले होते. वादळाच्या दिवसांत छप्पर गळाले तरी तो डबा कोरडा. डॉक्टरांनी सर्वप्रथम विचारले ते हेच: झडप कोणती, माप किती, त्या वेळी काय काय केले? आमचा डबा उघडताच त्यांचा चेहरा उजळला. ज्यांच्या घरी कोणाचे असे ऑपरेशन झाले असेल त्यांनी ते कागद आजच शोधून ठेवावेत.

या वेळी कोणती झडप?

मुले झाली, सौ.चे वय चव्वेचाळीस. पुन्हा ऊतकाची बसविली तर साठीच्या आत तिसरी शस्त्रक्रिया ठरलेली. यंत्राची बसविली तर जन्माची गोळी. हा निर्णय आमच्या घरी तीन आठवडे चालला. जेवणाच्या टेबलाशी, बसमध्ये, आणि दिवा मालवल्यावर अंधारात.

वॉरफरिनची गोळी म्हणजे दोरीवरची कसरत. रक्त फार पातळ झाले तर रक्तस्राव, जाड राहिले तर झडपेवर गाठ, आणि ती गाठ मेंदूकडे गेली तर पक्षाघात. म्हणून वरचेवर रक्ताची चाचणी करून एक आकडा पाहतात. निरोगी माणसात तो १ च्या आसपास असतो. यंत्राची मायट्रल झडप असलेल्यांत तो साधारण २.५ ते ३.५ च्या दरम्यान ठेवतात. आणि हा आकडा हलविणारी गोष्ट आमच्या ताटातच आहे! हिरव्या पालेभाज्यांतील ‘के’ जीवनसत्त्व या गोळीच्या विरुद्ध काम करते. आता आपल्या बेटावर पालेभाजीवाचून जेवण कसले? शेवग्याचा पाला, म्हणजे ब्रेद मुरुम. माठ, म्हणजे ब्रेद मालबार. अळू, म्हणजे ब्रेद सोंज. आणि क्रेसों तर दिवसाआड. सौ.ला धसका बसला, ‘म्हणजे अळूवडी बंद?’ आहारतज्ज्ञ बाईंनी हसून खुलासा केला, तो सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. भाजी बंद करायची नाही. रोज साधारण सारख्या प्रमाणात खायची. एक आठवडा मुळीच नाही आणि दुसऱ्या आठवड्यात ताटभर, असे करायचे नाही. तिझान, जडीबुटी आणि दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी मात्र विचारल्याशिवाय तोंडात घालायची नाही.

शेवटी निर्णय सौ.नेच घेतला. ‘गोळी विसरणार नाही, शाळेच्या घंटेसारखी रोज त्याच वेळी घेईन. पण तिसऱ्यांदा ही वाट नको.’ यंत्राच्या झडपेची टिकटिक शांत खोलीत ऐकू येते, असे ज्यांना ती बसविली आहे ते सांगतात. मुलगा म्हणतो, ‘मग मामांला लपाछपीत पकडायला सोपे!’

एक प्रश्न, जो आम्ही ऐकला नव्हता

या चर्चा चालू असताना मोठ्यांचा एक समज असतो की मुले आपल्या खेळात आहेत. मुलगी दाराआड उभी राहून ऐकत होती. चार दिवस तिने नीट जेवण केले नाही. गृहपाठाची वही कोरी आली म्हणून तिच्या शिक्षिकेने आम्हांला निरोप पाठविला. शिक्षकाच्या घरी निरोप यावा, हे आम्हांला लागले आणि आम्ही तिच्यावर रागावलो. त्यावर ती क्रेओलमध्ये एवढेच म्हणाली की, मी झाले नसते तर मामांला पहिल्यांदाच चांगली झडप मिळाली असती.

आमची वाचा बंद झाली. वर्षानुवर्षे प्रशिक्षणात आम्ही बालमानसशास्त्र शिकलो, शिकवितानाही वापरले, आणि स्वतःच्या घरात काय चालले आहे ते आम्हांला कळले नाही. सौ.ने तिला जवळ बसविले. तिचे शब्द येथे लिहायचे की नाही, यावर आमचा वाद झाला. शेवटी तिने अनुमती दिली. ती म्हणाली, ‘मी ती झडप घेतली तेव्हा तू नव्हतीस. निवड माझी होती. चौदा वर्षं मिळतील हे मला माहीत होतं, आणि चौदा मिळाली. त्यात तू आलीस, तुझा भाऊ आला, आजीची सेवा झाली. कोणी मला पुन्हा विचारलं तर मी तेच उत्तर देईन. यात तुझी चूक शोधू नकोस, मला आवडणार नाही.’ शेवटचे वाक्य तिने जरा दटावूनच म्हटले. मुलगी खूप रडली आणि मग दोन भाकऱ्या खाल्ल्या.

ज्यांच्या घरी असे मोठे दुखणे असेल त्यांना आमची हात जोडून विनंती आहे: मुलांपासून लपवू नका. त्यांना अर्धे कळते आणि उरलेले अर्धे ती स्वतःला दोष देऊन भरून काढतात.

जाणल्यावरचे भय

पहिल्या वेळी सौ. हसत आत गेली होती, कारण पुढे काय आहे ते तिला ठाऊक नव्हते. आता सर्व ठाऊक आहे. तिला मरणाची भीती फारशी वाटत नाही, असे ती म्हणते. भीती वाटते ती शुद्धीवर आल्यावर घशात असणाऱ्या श्वासाच्या नळीची. तहान लागलेली, बोलता येत नाही, हात बांधल्यासारखे, दिव्यांचा उजेड, वेळ कळत नाही. तो एक दिवस ती चौदा वर्षे विसरलेली नाही. खोकला आला की छातीचे हाड आतून हलल्यासारखे वाटते, हेही तिला आठवते. आणि घरी आल्यावर कारण नसता येणारे रडू, भलती स्वप्ने. त्या वेळी आम्हांला वाटले, हिचे मन कमकुवत झाले. आता डॉक्टर सांगतात की मोठ्या हृदय-शस्त्रक्रियेनंतर असे अनेकांना होते आणि हळूहळू ओसरते. हे त्याच वेळी कोणी सांगितले असते तर आम्ही तिला ‘हिंमत धर’ म्हणून बोल लावले नसते.

या भयावर आम्ही एक शिक्षकी उपाय योजला आहे. मुलीने पुठ्ठ्याचा एक तक्ता केला आहे. त्यावर चित्रे आहेत: पेला, उशी, दुखणारी छाती, घड्याळ, थंडी, आणि घरच्यांना बोलवा. खाली नर्सबाईंसाठी क्रेओलमध्ये आणि आईसाठी मराठीत शब्द. बोट ठेवले की झाले. भूलतज्ज्ञांना तो तक्ता दाखविला तेव्हा त्यांनी नळी किती वेळ राहते, केव्हा काढतात, त्या वेळी काय जाणवेल, हे सारे पंधरा मिनिटे बसून सांगितले. भय गेले नाही, पण आता त्याला सुरुवात आणि शेवट आहे.

या वेळी परदेशी न जाता आपल्या बेटावरच शस्त्रक्रिया करून घ्यायची असे ठरले आहे. पांप्लमूस येथे हृदयरोगाचे स्वतंत्र केंद्र आहे, कांदोसच्या रुग्णालयातही हृदयरोगावर उपचार होतात आणि सरकारी रुग्णालयांत खर्च पडत नाही, हे आपले भाग्य आहे. जे येथे होऊ शकत नाही त्यासाठी परदेशी पाठविण्याची सरकारी योजना आहे. मुख्य म्हणजे आई, मुले आणि शेजारीपाजारी भेटायला येऊ शकतील. बंगळूरच्या त्या रुग्णालयाच्या लांब व्हरांड्यात आम्ही सात तास एकटे बसलो होतो. ते सात तास आम्हांला पुन्हा नकोत.

तयारी आणि विनंती

दंतवैद्याकडे जाऊन सौ.ची एक किडकी दाढ काढून झाली. दातांतले जंतू रक्तात शिरून नव्या झडपेवर बसले तर मोठे संकट ओढवते. म्हणून कृत्रिम झडप असलेल्या माणसाने दात नेहमी स्वच्छ ठेवावेत आणि दाताच्या कामाआधी डॉक्टरांना झडपेविषयी सांगून प्रतिजैविक घ्यावे. पुतण्यांनी आणि शाळेतील सहकाऱ्यांनी रक्तदान केले आहे. तारीख शाळेच्या हिवाळी सुट्टीतली मिळाली. आम्ही गणपती झाल्यावरची मागितली होती. डॉक्टरांनी मान हलविली आणि म्हणाले, ‘गणपतीला त्या घरी असाव्यात म्हणूनच आधी करू या.’ हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर जड उचलायचे नाही. म्हणजे यंदा मोदक सौ. वळणार नाही. ती खुर्चीत बसून सूचना देणार, आणि मुलगी व दोघी काकी वळणार. गेल्या रविवारी एक तालीम झाली. मुलीच्या मोदकांना कळ्या कमी आणि भोके जास्त. आजी म्हणाली, ‘बाप्पा पोटाने खातो, डोळ्यांनी नाही.’

शेवटी वाचकांना दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. मुलाचा घसा दुखून ताप आला तर हळद-दूध अवश्य द्या, पण आरोग्य केंद्रातही न्या. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिले तर ताप उतरला म्हणून मध्येच सोडू नका. घशानंतर काही आठवड्यांनी सांधे सुजू लागले, आज गुडघा आणि उद्या घोटा असे होऊ लागले, तर एक दिवसही थांबू नका. ज्याला संधिवाताचा ताप झाला आहे त्याला पुन्हा तो येऊ नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई वर्षानुवर्षे घ्यावी लागते. सुई दुखते, मूल रडते, आईबापांना दया येते. ती दया करू नका.

दुसरी गोष्ट, आम्हांला भेटल्यावर ‘काही होणार नाही’ असे म्हणू नका. होणार काय आहे ते आम्हांला ठाऊक आहे. त्याऐवजी आमच्या आईपाशी तासभर बसा, मुलांना शाळेतून आणा, किंवा रक्त देऊन या. सौ. म्हणते, हे वाक्य फार कडक झाले आहे, खोडा. हे तिसरे वाक्य मात्र आम्ही खोडले नाही.